बायकोचा एमसीव्ही ६२ आलाय, आरोग्य केंद्रात म्हणाले नवऱ्याचंही रक्त तपासा. माझं कशाला?

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचून घ्या आणि ज्याला माहिती आहे त्याने सांगा. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे. बायको महाराष्ट्रातल्या चंदगडकडची, माझ्या सख्ख्या मामाचीच मुलगी, लग्नाला दीड वर्ष झालं. आता दिवस गेलेत, आठवा आठवडा चालू आहे, पहिलंच.

तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी कार्ड) काढायला आरोग्य केंद्रात गेलो होतो. तिथल्या डॉक्टर मॅडम नवीन आल्यात. त्यांनी सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजतात त्या तपासणीचा, कागद बघितला, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग पेनानं तीन आकड्यांना गोल केला. एचबी १०.२ ला नाही बरं का, त्याच्या खालच्या. एमसीव्ही ६२, एमसीएच १८.९ आणि आरबीसी ५.४. विचारल्या, आधी लोहाच्या गोळ्या घेतल्या होत्या का. म्हटलं हो, दिवस जायच्या आधी तीन महिने गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या रोज घेतल्यात, ९.९ चं १०.२ झालं तेवढंच. तर म्हणाल्या हे नुसतं लोह कमी असल्यासारखं दिसत नाही, हिची एचपीएलसी करून आणा, आणि तुमची पण करा.

माझी कशाला ते त्यांनी सांगितलं, पण बाहेर तीसेक बायका रांगेत आणि सगळं कन्नडमधून. मला कामापुरतं कन्नड येतं, पण ते आनुवंशिक वगैरे शब्द डोक्यावरून गेले. बायकोला तर कन्नड अजिबात येत नाही, ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती. गाडीवर येताना मागनं विचारली, बाळाला काय झालंय का? मला काय सांगावं कळेना.

घरी सांगितलं तर आई भडकली. माझ्या भावाच्या घरात खोट काढूलालात काय म्हणून दोन दिवस नीट बोलली नाही. बायकोनं यूट्यूबवर थॅलेसेमिया म्हणून टाकलं आणि रक्त चढवणारी लहान मुलं बघून रात्रभर रडली. मला एवढंच विचारायचंय की ही टेस्ट खरंच लागते का, बायकोला काही आजार आहे का, ती तर दिवसभर घरातलं शेतातलं सगळं करते, आणि माझा एचबी १५ आहे तरी माझं रक्त का मागतात. गरोदरपणात थोडं थांबून केलं तर चालेल का, कारण या महिन्यात शिफ्ट अशी आहे की सुट्टी मिळणं अवघड.

---

शहापूर_लॅबवाला
सोमवार, रात्री ११:२५

दादा, तुमच्या मॅडमनी कागद मनापासून वाचलाय, त्यांचं ऐका. मी सोळा वर्षं लॅबमध्ये आहे, बेळगावातच. शंभरातले नव्वद लोक फक्त एचबीचा आकडा बघून कागद घडी घालून खिशात ठेवतात.

गोल केलेल्या आकड्यांचा अर्थ असा. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, एमसीएच म्हणजे एका पेशीत हिमोग्लोबिन किती ते, आणि आरबीसी म्हणजे लाल पेशींची संख्या. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान पण होतात आणि कमी पण होतात, कारण मालच नाही तर बनवणार कशातून. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, आणि वाहक म्हणजे ज्याच्या अंगात तो बिघाड आहे पण स्वतःला आजार नाही. असा वाहक असला की पेशी लहान असतात पण संख्या कमी नसते, उलट जास्त असते, शरीर लहान लहान का होईना पण भरपूर पेशी काढत राहतं. तुमच्या बायकोचं तसंच आहे, पेशी बारीक, ६२ च्या, पण संख्या ५.४ म्हणजे ५४ लाख. आम्ही काय करतो, एमसीव्हीला आरबीसीनं भागतो. ६२ भागिले ५.४ केलं की साडेअकरा येतं. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा वाहक असण्याकडे बोट जातं, वर आलं की लोहाकडे. हे काही निदान नव्हे, दोन्ही एकत्र पण असू शकतं, पण पुढची टेस्ट करायला एवढं कारण पुरेसं आहे.

पुढची टेस्ट म्हणजे एचपीएलसी. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजतात. एचबी ए-२ नावाचा एक प्रकार असतो, तो ३.५ टक्क्यांच्या खाली असला तर नॉर्मल, ४ च्या वर स्पष्ट गेला तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक, आणि मधलं आलं तर डॉक्टर अजून खोलात जातात. सिकलसेलचं (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आजार) एस, शिवाय डी, ई असली बाकीची हिमोग्लोबिनं पण त्याच कागदावर दिसतात. रक्त किती लागतं तर जांभळ्या झाकणाची एक ट्यूब, दोन मिली. उपाशी यायची गरज नाही. फक्त गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर आधी सांगायचं, नाहीतर दुसऱ्याचं रक्त मोजलं जातं आणि कागद खोटा येतो.

तुमचा एचबी १५ आहे हे चांगलंच आहे, पण पुरुष वाहकाचा एचबी १३-१४ सहज असतो, कधी त्याहून जास्त. एचबीवरून वाहक कळत नाही. तुमचा सीबीसीचा जुना कागद असेल तर त्यातला एमसीव्ही बघा आणि इथे टाका.

अजून एक सांगतो, कारण लोकांना वाटतं ही मोठ्या शहरातली महागडी भानगड आहे. नेस्ट्रॉफ्ट म्हणून एक टेस्ट आहे, त्याला मशीनच लागत नाही. ०.३६ टक्क्यांचं मिठाचं पाणी घ्यायचं, छोट्या काचेच्या नळीत दोन मिली, त्यात रक्ताचा एक थेंब, अर्धा तास ठेवायचं. मग पांढऱ्या कागदावर काळी रेघ मारायची आणि नळी त्याच्या पुढे धरायची. नॉर्मल पेशी त्या पातळ पाण्यात फुगून फुटतात, पाणी आरपार लाल होतं आणि मागची रेघ स्वच्छ दिसते. वाहकाच्या पेशी चपट्या असतात, फुगायला जागा असते म्हणून फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं आणि रेघ दिसत नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या सरांनी पहिल्यांदा दाखवलं, दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्या, एकीत रेघ आणि दुसरीत नुसता गुलाबी धूर. लोह खूप कमी असलं तरी रेघ पुसट होते म्हणून ही फक्त चाळणी आहे, पण कुठल्याही आरोग्य केंद्रात होण्यासारखी आहे आणि माझं मत विचाराल तर प्रत्येक ठिकाणी व्हायलाच पाहिजे.

---

उचगावचा_दत्ता
मंगळवार, सकाळी ७:१०

भावा एवढं टेन्शन घेऊ नकोस. माझ्या मिसेसचा पण ९ होता, बीट, गूळ-शेंगदाणे, खजूर चालू केलं आणि लोखंडी कढईत भाजी, दोन महिन्यात ११ झाला. डॉक्टर लोक टेस्टवर टेस्ट लिहितातच. पहिलं बाळंतपण आहे, तिला हसत ठेव.

---

वडगावची_आई
मंगळवार, दुपारी २:५०

दत्ता भाऊ, तुमच्या मिसेसचं लोह कमी होतं म्हणून गूळ-खजुरानं वाढलं, देव करो आणि सगळ्यांचं तसंच असो. पण इथे तीन महिने गोळ्या घेऊन पण ०.३ वाढलंय. मला पण सगळे हेच म्हणाले होते म्हणून लिहितेय, रागावू नका.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आई-बाप दोघांकडून बिघाड आलेला. तिच्या वेळी मी ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे दर महिन्याला रक्त कमी रक्त कमी म्हणत गोळ्या बदलून दिल्या, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, मग इंजेक्शनं. एमसीव्ही माझा पण साठच्या घरात होता. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्याच्यावर कुणी गोल केला नाही. नवऱ्याचं रक्त तर कुणी मागितलंच नाही. आमचं नात्यातलं लग्न नाही, आमच्या घरात कुणाला हा आजार नाही, मी वडगावची, ते हुक्केरीकडचे, तरी दोघंही वाहक निघालो आणि कळलं कधी तर मुलगी आठ महिन्यांची असताना.

पहिले चार-पाच महिने छान बाळ होतं. मग पांढरी पडायला लागली, दूध ओढताना दमायची, पोट पुढे आलं. आम्हाला वाटलं मुडदूस. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी पण काढली. एचबी ४ आला तेव्हा पहिल्यांदा ते नाव ऐकलं. तेव्हापासून दर वीस-बावीस दिवसांनी रक्त. प्रत्येक पिशवीतून लोह अंगात जातं आणि बाहेर पडायला वाट नसते, ते काळजात यकृतात साठतं, म्हणून ते काढायची गोळी रोज सकाळी अनशापोटी. ग्लासभर पाण्यात विरघळवायची, तळाला चुन्यासारखा गाळ राहतो, त्यात परत पाणी घालून तो पण पाजायचा. लहान होती तेव्हा नाक दाबून पाजायचे. आता स्वतः पिते आणि रिकामा ग्लास मला उलटा करून दाखवते.

शाळेत हुशार आहे. सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळतं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आहे त्याचं सर्टिफिकेट काढलंय. जगणं चालू आहे आमचं, आणि तिच्यावर आमचा जीव आहे. पण मला जर कुणी आठव्या आठवड्यात सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हे माझं मला ठरवता आलं असतं. ते कुणी ठरवू दिलं नाही. एवढंच माझं दुःख आहे.

दुसऱ्या वेळी मात्र दिवस राहिले त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. आमच्या दोघांच्या रक्ताची जनुकाची तपासणी आधीच झाली होती. अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर मुंबईला गर्भाच्या वारेतला बारीक तुकडा सुईनं काढून तपासला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते नको विचारू. मुलगा आहे, वाहक आहे माझ्यासारखाच, दिवसभर सायकल हाणतो.

दादा, थांबू नका. सुट्टी काढा.

---

सिस्टर_निपाणी
मंगळवार, रात्री ९:०५

ताईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी एएनएम आहे, चोवीस वर्षं झाली, आधी अथणीकडे आता निपाणीकडे. मी डॉक्टर नाही म्हणून औषधाचं सांगत नाही, घरचं सांगते, कारण मलप्रभाकाठ भाऊंचा खरा घोळ तिथे आहे.

रक्त दोघांनी एकाच दिवशी द्या. सोबत जा, शेजारी शेजारी बसा आणि दोघांच्या ट्यूब एकाच वेळी जाऊ दे. असं का म्हणते ते ऐका. पद्धत अशी आहे की आधी बाईचं तपासायचं, ती वाहक निघाली तर मग नवऱ्याला बोलवायचं. कागदावर ते बरोबर आहे, खर्च वाचतो. पण आपल्या घरात काय होतं? तिचा रिपोर्ट आला की तो आठवडाभर तिच्या एकटीच्या डोक्यावर बसतो. सासू माहेरचं काढते, नणंद बोलते, आणि नवरा म्हणतो दोष तिच्यात निघालाय तर मला कशाला सुई. मी किती नवऱ्यांच्या मागे फिरलेय याचा हिशेब नाही. एकजण उसाच्या तोडीला गेला तो चार महिन्यांनी परत आला, तोपर्यंत बायकोला सातवा लागला होता, मग तपासून करायचं काय. त्यात पहिल्या खेपेची मुलगी माहेरी जाते, आपल्याकडे माहेर म्हणजे कुणाचं गडहिंग्लज, कुणाचं चंदगड, तिकडचं कार्ड वेगळं, इकडचं वेगळं, आणि तपासायचा कागद दोन राज्यांच्या मध्ये कुठेतरी पिशवीत राहतो. एकाच दिवशी दिलं की हे सगळं मिटतं.

आईंना असं सांगा की ही खोट नाही. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून. वाहकाची एक प्रत चांगली असते, ती पुरते, माणूस शंभर वर्षं जगतो. गावात गोरं-सावळं असतं तसंच हे. आणि मामाकडून असेल तर ते आजोबा-आजीकडून आलं असणार, म्हणजे आईंच्या पण अंगात असू शकतं. हे शेवटचं वाक्य आईंना एकदम सांगू नका, डॉक्टरांच्या समोर निघू दे.

बायकोला कन्नड येत नाही म्हणालात. पुढच्या वेळी आशाताईंना आधी सांगून ठेवा, तुमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच आशांना मराठी येतं, त्यांना आत सोबत घ्या. तिला तिच्या भाषेत कळायलाच पाहिजे, पोट तिचं आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांसाठी खास तपासणी असते, त्या दिवशी मोठे डॉक्टर पण असतात, तेव्हा सावकाश विचारता येतं, पण रक्त द्यायला ९ तारखेची वाट बघू नका.

---

मलप्रभाकाठ
बुधवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. वडगावच्या ताई, तुमचं मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली उद्याच जाऊया. उद्या सेकंड शिफ्ट आहे, सकाळी दोघं जाऊन येतो. माझा दोन वर्षांपूर्वीचा कंपनीच्या मेडिकलचा कागद शोधला पण त्यात फक्त एचबी आणि रक्तगट आहे.

दोन गोष्टी राहिल्यात. एक, माझा एक मित्र गडचिरोलीकडे नोकरीला होता, तो म्हणाला तिकडे सिकलिंगची टेस्ट कॅम्पमध्ये पाच मिनिटात करतात, निगेटिव्ह आली की सुटलो, तीच कर. दुसरं, लोहाच्या गोळ्या बंद करायच्या का? शेजारच्या काकी म्हणाल्या थॅलेसेमियात लोह म्हणजे विष.

---

चिकोडीचे_डॉक्टर
गुरुवार, सकाळी ६:३०

राउंडला जायच्या आधी लिहितोय. लॅबवाले भाऊ आणि सिस्टर, तुम्ही दोघांनी बहुतेक सांगितलंच आहे, राहिलेलं मी सांगतो.

सिकलिंगची किंवा सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एस हिमोग्लोबिन शोधते. थॅलेसेमिया तिला दिसतच नाही. त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. उलट बाजूनं पण बघा, बायको थॅलेसेमियाची वाहक आणि नवरा सिकलसेलचा वाहक असेल तरी बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो, तो पण गंभीर आजार आहे. म्हणून तुमची पण पूर्ण एचपीएलसीच हवी. मित्र म्हणतो ते त्या भागासाठी बरोबर आहे. सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, १७ राज्यांतल्या आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे लक्ष्य, त्यात कर्नाटक पण आहे. पण थॅलेसेमिया आदिवासी-बिगरआदिवासी बघत नाही. देशात साधारण ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, आणि दरवर्षी दहा हजारांच्या वर बाळं मेजर घेऊन जन्माला येतात. सिंधी, पंजाबी, कच्छी लोहाणा समाजात प्रमाण जास्त म्हणून काही डॉक्टर बाकीच्यांना विचारतच नाहीत. ही चूक मी स्वतः माझ्या सुरुवातीच्या वर्षांत केलीय, आडनाव बघून ठरवायचो. आता कागद बघून ठरवतो.

लोहाचं. काकींचं म्हणणं मेजरच्या मुलांसाठी खरं आहे, ज्यांना सारखं रक्त चढतं. वाहकाला लोह विष नाही. वाहकाला लोहाची कमतरता पण असू शकते, गरोदर बाईला तर सहज. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या. कमी असेल तर गोळ्या द्यायच्याच, नसेल तर जादा डोस आणि इंजेक्शनांच्या मागे लागायचं नाही. फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवायचं. स्वतःच्या मनानं काही बंद करू नका. आणि हो, लोह फार कमी असेल तर एचबी ए-२ खोटं खाली दिसू शकतं, म्हणून रिपोर्ट सीबीसी आणि फेरिटिनच्या शेजारी ठेवून वाचायचा असतो. फक्त लोह भरून काढायच्या नादात गरोदरपणात एचपीएलसी पुढे ढकलायची नाही, तेवढा वेळ नसतो.

वेळेचं गणित सांगतो म्हणजे सुट्टीचं महत्त्व कळेल. समजा दोघंही वाहक निघालात. मग दोघांच्या जनुकात नेमका बिघाड कुठला ते आधी शोधावं लागतं, त्याला दिवस जातात. मग ११ ते १३ आठवड्यांत वारेतला नमुना घेतात, तो हुकला तर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हे काम वर्षानुवर्षं चालतं. त्यानंतर काय करायचं हा निर्णय नवरा-बायकोचा, डॉक्टरचा नाही आणि सासूचाही नाही. तुम्ही आठव्या आठवड्यात आहात म्हणजे हातात वेळ आहे. विसाव्या आठवड्यात आलेल्या जोडप्याला समोर बसवून हेच सगळं सांगणं किती जड जातं ते मी अनुभवलंय.

नात्यातलं लग्न आहे म्हणून एक आकडा देतो, घाबरवायला नाही. बायकोला हे मामाकडून आलं असेल तर तुमच्या आईत ते असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्यात चौथाई. मामींकडून आलं असेल तर तुमची शक्यता बाकी लोकांसारखीच, त्या तीन-चार टक्क्यांतली. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता बाळ मेजर असण्याची, दोन वाहक असण्याची, एक पूर्ण नॉर्मल. प्रत्येक खेपेला म्हणतोय, पहिल्याला झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. तुम्ही वाहक नसाल तर बाळ फार तर वाहक होईल.

सायप्रसमध्ये साताला एक वाहक होता. तिथे चर्चनं लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि मेजरची बाळं जन्माला येणं जवळपास थांबलं. लोकांनी लग्नं मोडली नाहीत, बहुतेकांनी माहिती घेऊन लग्नं केलीच. आपल्याकडे २०१६ ला आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात गरोदर बाईची पहिल्या तिमाहीतली तपासणी आहे. तुमच्या मॅडमनी पेनानं गोल केला ते त्याचंच पहिलं पाऊल. त्यांना माझ्याकडून धन्यवाद सांगा.

---

मलप्रभाकाठ
पुढचा बुधवार, रात्री ९:३०

रिपोर्ट आले. बायकोचं एचबी ए-२ ५.४ टक्के, वाहक. फेरिटिन पण कमीच आहे म्हणाल्या म्हणून गोळी चालू राहणार. माझं २.७, एमसीव्ही ८६, मी नाही. मॅडमनी आशाताईंना आत बोलवून बायकोला मराठीतून सगळं सांगायला लावलं, एक चौकोन काढला, त्यात चार बाळं काढली, दोन अर्धी रंगवलेली आणि दोन कोरी. बायको तो कागद मागून घेतली. तायी कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलाय.

सिस्टर, एकाच दिवशी रक्त दिलं ते फार बरं झालं. आई पण सोबत आली होती, मला सुई टोचताना बघितली आणि मग एवढंच म्हणाली की हिला पण किती टोचतात बघ.

पण आता एक नवीनच झालंय. माझ्या धाकट्या भावाचं आणि बायकोच्या धाकट्या बहिणीचं बोलणं चालू आहे, दोन्ही घरात पसंत, पत्रिका पण बघून झाली. मी वाहक नाही पण भाऊ असू शकतो ना? आणि मेहुणी तर निम्मी शक्यता. मी मामांना फोन केला तर ते म्हणाले एका मुलीचं निघालंय ते पुरे, दुसरीचं लग्नाआधी काढून तिला कोण करून घेणार.

---

सिस्टर_निपाणी
बुधवार, रात्री १०:२०

देवा, खूप बरं वाटलं वाचून. बाळाचं काही होत नाही त्या बाजूनं.

मामांची भीती खोटी नाही भाऊ, मुलीच्या बापाला ती असणारच. म्हणून मुलीपासून सुरुवात करूच नका. तुमच्या भावाचं आधी करा. तो वाहक नसेल तर मेहुणीचं काही निघालं तरी या लग्नाला अडचणच नाही, आणि मामांचा जीव पण भांड्यात पडेल. तो निघाला तर मग दोन्ही घरं एकत्र बसून डॉक्टरांकडे जा. मुलगा आधी पुढे झाला की मुलीवर बोट येत नाही.

---

वडगावची_आई
बुधवार, रात्री १०:४५

आणि मामांना वाटलं तर माझ्याशी बोलू दे. मी दर वीस दिवसांनी रक्त चढवायला असतेच, त्या दिवशी सकाळी दहा ते तीन तिथेच बाकावर बसलेली असते, मुलगी गणितं सोडवत पडलेली असते. त्यांनी येऊन नुसतं बघितलं तरी चालेल. इथे मेसेज टाका, तारीख सांगते.

---

शहापूर_लॅबवाला
बुधवार, रात्री ११:००

भावाला घेऊन या. आधी सीबीसी, एमसीव्ही बघू, सोबत एचपीएलसीची ट्यूब पण काढून ठेवू म्हणजे दुसरी सुई नको. सकाळी आठनंतर कधीही.

---

मलप्रभाकाठ
गुरुवार, दुपारी १:१०

भावाला फोन केला, तो म्हणाला दादा रविवारी येतो. आणि आई म्हणाली, मी पण येते, माझं पण बघा की एकदा. रविवारी लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते?